मनोरुग्ण आणि रुग्णसेवक : एका हदीसचा बोध

माननीय अनस (रजि.) यांनी कथन केलेला एक लहानसा प्रसंग 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात आला आहे. मदीनेत एक स्त्री होती. तिच्या बुद्धीत काही बिघाड होता. एके दिवशी ती अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली आणि आपले त्यांच्याकडे काही काम आहे, असे म्हणाली. प्रेषितांनी (स.) तिला 'अमुकाची आई' असे आदराने संबोधिले आणि शहरातील ज्या गल्लीत तिला सोयीचे वाटेल ती तिने निवडावी, तेथे आपण तिचे काम पूर्ण करू, असे सांगितले. मग ते तिच्यासोबत एका वाटेवर गेले आणि तिचे म्हणणे संपेपर्यंत तेथेच थांबले.

हदीस येथे संपते. त्या स्त्रीचे काम काय होते, हे तिच्यात सांगितलेले नाही. कदाचित ते काम लोकांच्या दृष्टीने अगदी क्षुल्लक असेल, कदाचित तिच्या बोलण्यात काही संगतीही नसेल. परंतु एका राज्याचे प्रमुख, सेनेचे नायक आणि अल्लाहचे प्रेषित असलेल्या व्यक्तीने तिच्यासाठी आपली वाट बदलली, ही गोष्ट मात्र नोंदली गेली व चौदा शतके जपली गेली.

आज आपल्या समाजातील अनेक मुले-मुली वैद्यकीय क्षेत्रात सेवा करीत आहेत. कोणी डॉक्टर आहे, कोणी परिचारिका, कोणी आशा सेविका, कोणी औषधांचे दुकान चालवितो, तर कोणी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसतो. या सर्वांना आपण या लेखात 'रुग्णसेवक' म्हणू. मनोरुग्ण त्यांच्यापुढे येतो तेव्हा त्यांची दृष्टी कशी असावी, याचा पाठ वरील हदीसमध्ये आहे. त्यातील चार गोष्टी एकेक करून पाहू.

१. संबोधन

अरबांमध्ये एखाद्याला त्याच्या अपत्याच्या नावाने हाक मारणे हा आदराचा प्रकार होता. आपल्याकडेही वडीलधाऱ्या स्त्रीला 'अमुकची अम्मी' म्हणण्याची रीत आहे. प्रेषितांनी (स.) त्या स्त्रीला तिच्या आजारावरून ओळखले नाही, ती ज्या नात्यामुळे समाजात मानाची होती त्या नात्याने ओळखले. आजार तिला नंतर जडला असेल, आईपण मात्र तिच्याकडे होतेच.

आता आपल्या दवाखान्यांत काय ऐकू येते? 'तो मेंटल पेशंट', 'ती सायकॅट्रीवाली', 'याला येरवड्याला पाठवा', 'ठाण्याची केस आहे'. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांनी असंख्य लोकांना आसरा दिला. पण त्यांतील काही गावांची नावेच आपल्या बोलण्यात शिवीसारखी झाली. मधुमेहाच्या रुग्णाला कोणी गावाच्या नावाने हिणवीत नाही. दिव्य कुरआनच्या सूरह अल्-हुजुरातमध्ये (आयत ११) एकमेकांची थट्टा करण्यास व वाईट उपनावांनी हाक मारण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि ज्याची थट्टा केली जाते तो थट्टा करणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ असू शकतो, याची जाणीवही तेथे दिली आहे. ही आज्ञा दवाखान्याच्या दारापाशी संपत नाही.

सूरह अन्-निसाच्या पाचव्या आयतीत ज्यांची समज अपुरी आहे अशांच्या हाती मालमत्ता सोपवू नये, असे सांगताना त्यांना खाऊ घालावे, वस्त्र द्यावे व त्यांच्याशी भल्या शब्दांत बोलावे, अशीही आज्ञा आहे. व्यवहाराचा अधिकार काही काळ थांबविता येतो, भल्या शब्दांचा अधिकार मात्र थांबविता येत नाही, हा त्या आयतीचा बोध आहे.

२. निवडीचा अधिकार

प्रेषितांनी (स.) गल्ली स्वतः ठरविली नाही. ती निवडण्यास त्या स्त्रीला सांगितले. जिच्या बुद्धीत बिघाड आहे तिला निवड कसली करता येणार, असा विचार त्यांनी केला नाही. तिला जेवढे ठरविता येत होते, तेवढे ठरविण्याचा मान तिला दिला.

मनोरुग्णाच्या बाबतीत रुग्णसेवकांकडून वारंवार होणारी चूक हीच आहे. रुग्ण समोर बसलेला असतो आणि प्रश्न सोबतच्या भावाला विचारले जातात : झोपतो का, जेवतो का, गोळ्या घेतो का? रुग्ण उत्तर देऊ लागला तर त्याला थांबविले जाते. गोळी कशासाठी आहे, तिने झोप येईल की वजन वाढेल, हे त्याला कोणी सांगत नाही. मग त्याने गोळ्या खिडकीतून फेकल्या की 'हे लोक ऐकतच नाहीत' असा शेरा मारला जातो. ज्याला काहीच सांगितले गेले नाही, त्याने ऐकावे तरी काय?

रमजानचे उदाहरण घ्या. मनोविकाराची औषधे घेणारे आपले अनेक बंधू-भगिनी रोजा सुटू नये म्हणून गोळ्या परस्पर बंद करतात आणि ईदपूर्वीच आजार उलटतो. लिथियमसारख्या औषधाच्या बाबतीत तर दिवसभर पाणी न पिल्यास रक्तातील औषधाचे प्रमाण वाढून धोका संभवतो. अशा रुग्णाला 'तुला रोजा कोणी सांगितला?' असे झिडकारणारा रुग्णसेवक त्याला गप्प करतो. रुग्ण पुढच्या वेळी काही सांगतच नाही. जो रमजानच्या आधीच बोलावून विचारतो, गोळ्यांच्या वेळा बदलता येतील का ते डॉक्टरांशी ठरवितो, आणि जेथे धोका आहे तेथे आजारी माणसाला अल्लाहने सूरह अल्-बकरामध्ये (आयती १८४-१८५) सवलत दिली आहे याची आठवण देतो, तो त्याचा आजारही सांभाळतो आणि श्रद्धाही.

३. गोपनीयता

या हदीसचे भाष्यकार इमाम नववी (रह.) यांनी एक सूक्ष्म गोष्ट लक्षात आणून दिली आहे. परस्त्रीसोबत एकांत होऊ नये म्हणून ही भेट येण्याजाण्याच्या वाटेवर झाली. लोक दोघांना पाहू शकत होते, परंतु तिचे बोलणे ऐकू शकत नव्हते. कारण तिची बाब चारचौघांत सांगण्याजोगी नव्हती. म्हणजे मर्यादाही राखली गेली आणि गुपितही.

बाह्यरुग्ण विभागात एका टेबलाभोवती दहा माणसे उभी असतात आणि डॉक्टर मोठ्याने विचारतात, 'आवाज ऐकू येतात का अजून?' औषधाच्या दुकानात गोळीचे नाव वाचून दुकानदार भुवया उंचावतो. आशा सेविका चांगल्या हेतूने शेजारणीला सांगते आणि महिन्याभरात मुलीचे ठरलेले लग्न मोडते. रुग्णसेवकाला कळलेली गोष्ट ही त्याच्याकडे ठेवलेली अमानत आहे. अमानतीत खयानत केवळ पैशांची होत नाही.

येथे आणखी एका स्त्रीची आठवण होते. माननीय इब्ने अब्बास (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका कृष्णवर्णीय स्त्रीला झटके येत. फेफरे हा मेंदूचा आजार आहे, मनोविकार नव्हे. पण समाज दोघांना एकाच रांगेत बसवितो, म्हणून हा प्रसंग येथेही उपयोगी आहे. झटक्यात आपले अंग उघडे पडते, अशी तिची तक्रार होती. प्रेषितांनी (स.) तिच्यापुढे दोन पर्याय ठेवले : धीर धरल्यास स्वर्ग, अथवा बरे होण्यासाठी प्रार्थना. तिने धीर निवडला. पण अंग उघडे पडू नये, एवढी प्रार्थना करावी असे सांगितले. प्रेषितांनी (स.) तशी प्रार्थना केली. आजाराच्या सर्वांत अवघड क्षणीही माणसाला आपली लाज जपायची असते, हे येथे मान्य केले गेले. वॉर्डात रुग्णाला इतरांसमोर कपडे बदलायला लावताना, त्याला धरून इंजेक्शन देताना ही स्त्री रुग्णसेवकाच्या डोळ्यांपुढे असावी.

४. वेळ

तिचे काम पूर्ण होईपर्यंत प्रेषित (स.) थांबले. त्यांच्याकडे वेळ मुबलक होता असे नाही.

आपल्या सरकारी दवाखान्यांतील गर्दी आम्ही जाणतो. एका सकाळी शंभरावर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरकडून प्रत्येकाला अर्धा तास मिळावा, ही अपेक्षा अन्यायाची होईल. रात्रपाळीत एकटीने वॉर्ड सांभाळणाऱ्या परिचारिकेचा थकवाही खरा आहे. परंतु घाईचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हेही तितकेच खरे आहे. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या जुन्या कागदांवर मानसिक आजाराची नोंद दिसली की 'हे मनाचेच आहे' असे म्हणून त्याला परत पाठविणे सोपे होते. जुना शिक्का नव्या तक्रारीवर सावली धरतो, आणि हृदयविकार, मधुमेह किंवा क्षय त्या सावलीत दडून राहतो.

याचा परिणाम केवळ मन दुखावण्यापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मृत्यू पावतात, आणि त्यांतील बरेचसे मृत्यू उपचार होऊ शकणाऱ्या शारीरिक आजारांनी होतात. आपल्या देशात 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचे आढळले. आणि आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. डॉक्टरांची कमतरता, खर्च, अज्ञान अशी याची अनेक कारणे आहेत. पण जो मोठ्या धैर्याने एकदा दवाखान्यात आला आणि अपमान घेऊन परतला, तो पुन्हा येत नाही. त्याचा न झालेला उपचार कोणाच्या हिशेबात लिहिला जाईल, याचा विचार ईशभय बाळगणाऱ्या प्रत्येक रुग्णसेवकाने करावा.

ईमानाची परीक्षा घेणारे आपण कोण?

मुस्लिम रुग्णसेवकांकडून होणारी एक विशेष चूक येथे नमूद केली पाहिजे. उदास झालेल्या तरुणाला 'तुझे ईमान कमजोर आहे, नमाज पढ, सर्व ठीक होईल' असे सांगितले जाते. नमाजने मनाला शांती लाभते यात शंका नाही. पण उदासीनता हा ईमानाच्या अभावाचा पुरावा नव्हे. पुत्राच्या वियोगात प्रेषित याकूब (अ.) यांचे डोळे दुःखाने पांढरे झाले, असे सूरह यूसुफमध्ये (आयत ८४) सांगितले आहे. त्यांच्या ईमानावर कोण बोट ठेवील? स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) चिंता व दुःख यांपासून अल्लाहचा आश्रय मागत असत. त्यांनीच उपचार करण्याची आज्ञा दिली आणि अल्लाहने ज्याचे औषध उतरविले नाही असा आजार नाही, हे शिकविले. प्रार्थना आणि औषध यांत भांडण नाही. भांडण लावणारे आपण आहोत.

ज्याची बुद्धी हरपली आहे त्याच्यावरून लेखणी उचलली गेली आहे, म्हणजे त्याच्या कृत्यांचा दोष लिहिला जात नाही, असे हदीसमध्ये आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात याला जोडून एक प्रसंग येतो. एका मनोरुग्ण स्त्रीला शिक्षा देण्याचा आदेश झाला होता. माननीय अली (रजि.) यांनी खलीफा माननीय उमर (रजि.) यांना या हदीसची आठवण दिली, त्यांनी ती तत्काळ मान्य केली व त्या स्त्रीला सोडून दिले. ज्याच्याविरुद्ध अल्लाहची लेखणी थांबली, त्याच्याविरुद्ध वॉर्डातील नोंदवहीने चालू नये. आणि वरिष्ठ चुकत असेल तर कनिष्ठाने आठवण द्यावी, वरिष्ठाने ती ऐकावी, हाही धडा येथे आहे.

याहून नाजूक प्रसंग असतो तो स्वतःला इजा करून घेतलेल्या रुग्णाचा. अपघात विभागात त्याला पुष्कळदा टोमणे ऐकावे लागतात. आत्महत्या हे इस्लाममध्ये मोठे पाप आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु सहीह मुस्लिममध्ये माननीय जाबिर (रजि.) यांनी कथन केलेली हदीसही ठाऊक असावी. माननीय तुफैल बिन अम्र (रजि.) यांच्यासोबत हिजरत करून आलेला एक माणूस मदीनेत आजारी पडला. वेदना असह्य होऊन त्याने स्वतःला इजा केली व त्यात त्याचा मृत्यू झाला. पुढे तो तुफैल (रजि.) यांच्या स्वप्नात आला, हिजरतीमुळे त्याला क्षमा मिळाली होती, पण त्याचे हात झाकलेले होते. हे ऐकून प्रेषितांनी (स.) त्याच्या हातांनाही क्षमा मिळावी अशी प्रार्थना केली. मरण पावलेल्यासाठी ज्यांनी हात पसरले, त्यांच्या अनुयायांनी जिवंत वाचलेल्याला टोमणा मारावा, हे शोभते काय?

इतिहास आणि कायदा

मनोरुग्णांची सेवा ही मुस्लिम वैद्यकाची जुनी परंपरा आहे. अबू जैद अल्-बल्खी (मृत्यू इ. स. ९३४) यांनी शरीर व मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला आणि कारण माहीत असलेले दुःख व कारण न कळणारे दुःख यांत भेद केला. कैरो येथे १२८४ मध्ये सुलतान कलावून यांनी बांधलेल्या रुग्णालयात, तसेच १३५४ मधील अलेप्पोच्या व १४८८ मधील एदिर्नेच्या रुग्णालयांत मनोरुग्णांची व्यवस्था होती. एदिर्नेत पाण्याचा नाद व संगीत यांचाही उपचारात उपयोग केला जाई. पण पूर्वजांच्या कीर्तीवर समाधान मानणे योग्य नव्हे. बाराव्या शतकातील प्रवासी इब्ने जुबैर यांनी दमास्कसच्या रुग्णालयात साखळीने बांधलेले मनोरुग्णही पाहिले होते.

आणि साखळीचा इतिहास तेथेच संपत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळ्यांनी जखडलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला. त्यांना तेथे पोचविणारे त्यांचे आप्तच होते, बरे होण्याच्या आशेने आलेले.

आज 'मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७' हा कायदा लागू आहे. त्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास आणि भूल न देता विजेचे उपचार करण्यास पूर्ण मनाई केली आहे. स्वतःचे कपडे घालण्याचा, सक्तीने मुंडण न होण्याचा, माहिती गुप्त राहण्याचा व शारीरिक रुग्णांच्या बरोबरीने वागविले जाण्याचा अधिकार त्याने रुग्णाला दिला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, असेही तो सांगतो. कायदा जे आता मागतो, ते मदीनेच्या गल्लीत आधीच दिले गेले होते. म्हणून मुस्लिम रुग्णसेवकाला ते पाळण्यासाठी तपासणीच्या भीतीची गरज पडू नये.

आचरणासाठी

१. रुग्णाला त्याच्या नावाने वा नात्याने हाक मारा. आजाराचे नाव हे त्याचे नाव नव्हे.

२. प्रथम रुग्णाशी बोला, मग नातेवाइकांशी. औषधाचे काम व त्याचे परिणाम सोप्या शब्दांत सांगा.

३. मनोरुग्णाची शारीरिक तक्रार आली तर इतरांइतकीच नीट तपासणी करा.

४. प्रत्येक मनोरुग्ण हिंसक असतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेक मनोरुग्ण कोणालाही इजा करीत नाहीत; उलट त्यांच्यावरच अत्याचार होण्याचा संभव अधिक असतो.

५. सहकाऱ्याने थट्टा केली तर हसू नका. नम्रपणे आठवण द्या.

६. कुटुंबीयांनी आपल्या घरातील डॉक्टर व परिचारिकांना हा पाठ अवश्य वाचायला द्यावा, आणि घरात कोणी आजारी असेल तर ते लपवू नये. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

चिंतनासाठी प्रश्न

मनाच्या आजाराविषयी बोलताना आपल्या घरात कोणते शब्द वापरले जातात? गेल्या वर्षभरात अशा एखाद्या माणसाचे म्हणणे आपण शेवटपर्यंत ऐकून घेतले का? ती स्त्री आज आपल्या दवाखान्यात, दुकानात किंवा दारात आली, तर गल्ली निवडण्याचा मान आपण तिला देऊ का?

हे अल्लाह! ज्यांची मने आजारी आहेत त्यांना आरोग्य दे, त्यांची सेवा करणाऱ्यांना धीर व कोमल वाणी दे, आणि आमच्या वर्तनामुळे जे उपचारापासून दुरावले त्यांच्या बाबतीत आम्हाला क्षमा कर. आमीन.